दोन डावे मोजे

माझी मावशी हातमोज्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसायची. सव्वीस वर्षं. शिवून आलेला प्रत्येक मोजा स्वतःच्या हातात घालायची, पाचही बोटं वाकवून बघायची, मगच जोडी माझ्याकडे, खोक्यात भरायला. चामडं बाहेरून यायचं, दोरा बाहेरून यायचा, मोजे घालणारे हातही बाहेरचेच. आमचे काय ते शिवणारे हात. "आपला देश केवढा, तर नकाशावर बोट ठेवलं की झाकला जातो," मावशी म्हणायची.

समुद्रापलीकडच्या मोठ्या देशानं बाहेरच्या मालावर नवा कर लावला. त्याचं भांडण होतं दुसऱ्याच कुणा तालेवाराशी, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. आमच्या सरकारनंही बाणा दाखवत त्यांच्या दोऱ्यावर कर बसवला. आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन! दोरा महागला तो आम्हालाच.

एक तारखेच्या आत जहाजावर चढेल तेवढ्याच मालाला जुना कर. शेवटच्या दिवशी चारला कंटेनर निघायचा होता. मुकादम सारखा घड्याळाकडे बघत होता, जणू त्याच्या धाकानं काटे थांबणार होते. घाईपायी मावशीनं दुपारपासून मोजे हातात घालणं सोडलं होतं, नुसती नजर फिरवत होती. साडेतीनला तिचे हात थांबले. जोडीतले दोन्ही मोजे डावे.

दोन डावे इथे, म्हणजे दोन उजवे भरलेल्या तीनशे खोक्यांपैकी कुठल्यातरी खोक्यात. एरवी मावशीनं सगळी खोकी फोडायला लावली असती. तिचा शब्द मालकही मोडत नसे.

"काय झालं, ताई?" मुकादमानं विचारलं.

"काही नाही. दोरा सुटला होता," मावशी म्हणाली, आणि ते दोन डावे तिनं डब्याच्या पिशवीत सारले.

जहाज मिळालं. मालकानं सगळ्यांना चहा पाजला. मावशीचा तसाच गार झाला. "आता तक्रारीचं पत्र येणार," ती मला म्हणाली. "सगळा माल परत पाठवतील. माझ्या एकटीपायी सगळे घरी बसतील." रोज ऑफिसच्या दारात जाऊन ती कारकुनाला विचारायची, "पत्र आलं?" तिला हसवावं म्हणून मी म्हटलं, "ज्याला दोन उजवे मिळाले, तो डावा हात खिशात घालून फिरत असेल." ती हसली नाही. मलाही मग भीती वाटू लागली.

पत्र आलं नाही. नवी मागणीही आली नाही. आधी एका ओळीतल्या मशिनांवर कापड पडलं, मग दुसऱ्या ओळीतल्या. शेवटी आम्हालाही सांगितलं, घरी थांबा, काम आलं की कळवू.

तरी मावशी दर सोमवारी फाटकाशी जाते आणि वॉचमनला विचारते, "पत्र आलं?"

परवा माझा संयम सुटला. "अगं, तक्रार यावी असं वाटतंय की काय तुला?"

"हो," ती म्हणाली. "तक्रार आली तर बदलून तरी मागतील. एक जोडी तरी शिवायला मिळेल."