डेटा कोण खातंय?

भावकाकांना बिल्डिंगमध्ये खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. बावीस वर्षं ते एका शेअर दलालाच्या ऑफिसात होते आणि जिन्यात भेटेल त्याला, विचारलं नसलं तरी, आजचे भाव ऐकवत. म्हणून भावकाका. दलालानं ऑफिस गुंडाळलं तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न. "आता घरूनच खरेदी-विक्री करीन," असं त्यांनी बायकोला सांगितलं, बेडरूमच्या खिडकीशी टेबल लावलं, त्यावर दोन स्क्रीन मांडले आणि क्षणाक्षणाचे बाजारभाव दाखवणारं सॉफ्टवेअर घेतलं. सकाळी नऊला जे बसत, ते बाजार बंद झाल्यावरच उठत.

बायको कर्णबधिर मुलांची शिक्षिका. ज्यांना शाळा लांब पडते अशा सहा मुलांना ती बाहेरच्या खोलीतून व्हिडिओवर शिकवायची. सगळं बोलणं हातांनी आणि चेहऱ्यानं. तिथं आवाज गेला तरी चालतो, चित्र अडकून चालत नाही.

आणि चित्र अडकायला लागलं. महिन्याला तीनशे जीबीची मर्यादा होती. ती संपली की इंटरनेट रांगायला लागे. पूर्वी महिना आरामात निघायचा. आता विसाव्या तारखेलाच डेटा संपला, पुढच्या महिन्यात अठराव्या. त्या दिवशी भुवया उंचावून तिनं एका मुलीला प्रश्न विचारला आणि तिचा चेहरा मुलीच्या पडद्यावर तसाच थिजला. मुलगी सात वर्षांची. बाई रागावल्या असं वाटून ती तेच उत्तर पुन्हा पुन्हा देत राहिली आणि शेवटी रडत उठून गेली.

"अहो, तुमचं ते सॉफ्टवेअर तर नाही ना खात?" बायकोनं विचारलं.

"ते नुसते आकडे असतात गं. आकड्यांना कितीसा डेटा लागणार? कोणीतरी आपलं चोरून वापरतंय."

संशय गेला वरच्या मजल्यावर. तिथं एक शिवणकाम करणाऱ्या ताई एकट्या राहत. तीन वर्षांपूर्वी त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा बायकोनंच त्यांना पासवर्ड दिला होता. भावकाका तडक वर गेले.

"ताई, दुसऱ्याच्या जिवावर दिवसभर सिनेमे बघायचे म्हणजे जरा जास्तच होतं."

ताईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "मी रविवारी लेकीशी बोलते, तेवढंच. पण तुम्ही बंद करा. मला राग नाही."

भावकाकांनी त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला. बायकोला हे कळल्यावर दोन दिवस ती कामापुरतंच बोलली.

पुढच्या महिन्यात एकोणिसाव्या तारखेला डेटा पुन्हा संपला. आता बोट दाखवायला कोणी उरलं नव्हतं. कॉम्प्युटरवर कोण किती डेटा घेतं ते मोजणारा एक छोटा प्रोग्राम भावकाकांनी टाकला आणि नव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तो सुरू केला. बाजार बंद झाल्यावर पाहिलं तर चौदा जीबी, आणि जवळजवळ सगळा त्यांच्या सॉफ्टवेअरच्या नावावर. यादीत सहाशे चाळीस कंपन्या होत्या. प्रत्येकीचा भाव, खरेदीच्या आणि विक्रीच्या ऑर्डरी सेकंदाला कित्येकदा येत होत्या. सॉफ्टवेअरची खिडकी स्क्रीनवर लहान करून ठेवली तरी येत होत्या. शिवाय रोज सकाळी मागच्या पाच वर्षांचे आकडे नव्यानं उतरत होते.

यातल्या कंपन्या खरोखर लागतात किती, हे ठरवायला त्यांनी आपल्या व्यवहारांची यादी उघडली. शेवटचा व्यवहार आठ महिन्यांपूर्वीचा.

त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. एकदा जबर फटका बसल्यापासून बटणावर बोट जातच नव्हतं. अजून थोडं बघू, मग घेऊ, असं म्हणत रोज दोन-चार कंपन्या यादीत वाढत गेल्या होत्या.

बायको चहा घेऊन आत आली, तिनं स्क्रीनवरचा डेटाचा आलेख पाहिला. "म्हणजे ताईंनी काहीच केलं नव्हतं."

"नाही. जातो मी वर." ते उठले आणि पुन्हा बसले. "अजून एक आहे. आठ महिन्यांत मी एकही व्यवहार केलेला नाही."

तिनं चहाचा कप टेबलावर ठेवला. "मी फोनसुद्धा जिन्यात जाऊन घ्यायचे," ती म्हणाली. "तुमचं लक्ष हलू नये म्हणून."

"माहीत आहे. म्हणूनच सांगवेना."

ताईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. "सापडलं ना, बरं झालं," एवढंच म्हणाल्या. नव्या पासवर्डची चिठ्ठी मात्र त्यांनी घेतली नाही. "राहू दे. लेकीनं माझ्या फोनमध्येच सोय करून दिली." आणि त्यांनी मशीन सुरू केलं. भावकाका चिठ्ठी खिशात घालून खाली आले.

यादी बारा कंपन्यांवर आली आणि त्या महिन्यात डेटा अखेरपर्यंत पुरला. ती मुलगी परत शिकायला लागली, पण कितीतरी दिवस तासाच्या सुरुवातीला, बाई रागावल्यात का, हे आधी खुणेनं विचारून घ्यायची. नवा महिना लागल्यावर दहा-बारा दिवसांनी भावकाकांनी ते सॉफ्टवेअर काढूनच टाकलं. आता ते नोकरी शोधतायत. दोन ऑफिसांत जाऊन आले. एकानं वय विचारलं, दुसऱ्यानं कळवतो म्हणून सांगितलं. अजून फोन आलेला नाही.