अडतिसावी ओळ

अंगात येणं, करणी, देवर्षी... मी यातलं काही मानत नव्हते आणि आजही मानत नाही. सासूबाई दारावर लिंबू-मिरची बांधायच्या, तेव्हा मी तोंडानं गप्प असायचे, पण मनात हसायचे. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. वहीत लिहायला तेवढी लाज वाटत नाही, म्हणून लिहिते.

शिरूर कासारला बाजाराच्या रस्त्यावर एका किराणा दुकानाच्या माडीवर शैलाताईंचा संगणकाचा क्लास होता. दुकान त्यांच्या वडिलांचं. गावात एसटीडीचे बूथ झाले होते, केबल आली होती, पण संगणक म्हणाल तर त्या माडीवरचे तीनच. मी तिथं झाडलोट करायचे, चहा करायचे. पोरांना चपला जिन्यात काढायला लावणं आणि क्लास सुटला की संगणकांवर कापड टाकणं, हेही माझ्याकडेच. माझी शाळा चौथीपर्यंत. त्यात स्वभाव असा, की पाहुण्यांपुढं पाणी ठेवलं की आत पळायचं.

त्या वर्षी एका संस्थेनं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी गावात वसतिगृह काढायचं ठरवलं, म्हणजे आईबाप कारखान्याला गेले तरी त्यांची शाळा बुडणार नाही. मुकादमांनी आपापल्या टोळीच्या याद्या दिल्या. शैलाताईंनी एकेका यादीची एक्सेलची फाईल केली, सगळी इंग्रजी अक्षरांत. आता त्या सगळ्या फायली वाचून शाळेच्या वयाच्या मुली एका नव्या फाईलीत उतरवणारा प्रोग्राम त्या लिहीत होत्या.

"वाचायचं-लिहायचं काम मी करतच न्हाई, काकू," त्या म्हणाल्या. "ते कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. त्याला लायब्ररी म्हणतात. मी नुसती जोडते."

"त्यानं भलतंच लिहिलं तर?"

"जे वाचलं तेच लिहितं. माणसावानी पदरचं घालत न्हाई."

माझी धाकटी बहीण सुमन तेव्हा दोन वर्षांपूर्वीच विधवा झालेली. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तिला मुकादम कुणाच्या तरी बरोबर तोंडीच जोडून देतो. याद्या पूर्ण कोयत्यांच्या होत्या, त्यामुळे सुमनच्या नऊ वर्षांच्या चंद्रकलाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

"अक्का, तू रोज तिथंच असतीस," सुमन म्हणाली. "एक वाक्य बोल त्या बाईला. औंदा लेकरू फडात आलं तर परत शाळेत जायचं न्हाई."

बोलते म्हणाले, आणि चार दिवस बोलले नाही. कप ठेवताना तोंड उघडायचे आणि "साखर कमी झाली का?" एवढंच बाहेर पडायचं. चौथ्या दिवशी शैलाताई म्हणाल्या, "काकू, साखरेचं लई मनाला लावून घेतलंत तुमी."

त्याच दिवशी बारा वाजता संस्थेचा माणूस यादीची फ्लॉपी न्यायला येणार होता. अकराला शैलाताईंनी प्रोग्राम चालवला. मी त्यांच्या मागं हातात फडकं घेऊन उभी. आता बोलायचं, आता...

"हे काय?" पडद्यावरचे आकडे पाहून शैलाताई म्हणाल्या. "वाचल्या सदतीस, लिहिल्या अडतीस."

त्यांनी नवी फाईल पुसली, पुन्हा चालवला. पुन्हा अडतीस. शेवटची ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली — चंद्रकला. वय नऊ. बाकी सगळ्यांच्या बापाचं नाव होतं त्या रकान्यात... सुमन.

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं.

शैलाताईंनी एकेक फाईल उघडून शोधलं. मुकादमांचे कागदही पाहिले. नाव कशातच नव्हतं.

"कुणाची हाय ही आगाऊ पोरगी? जाऊ द्या, काढून टाकते. यादीत खोट निघाली तर बोल मला लागंल." त्यांचं बोट बटणावर गेलं.

"काढू नका," मी म्हणाले.

त्यांनी वळून पाहिलं. माझा एवढा आवाज त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

"माझ्या बहिणीची हाय ती. अर्धा कोयता हाय, म्हणून यादीत न्हाई. शाळंत हुशार हाय. तिला ठिवा."

"मग तुमीच टाकलं का नाव?"

"मला एबीसीडी येत न्हाई, ताई."

ते त्यांना माहीत होतं. मग फाईल पुसून त्यांनी तिसऱ्यांदा प्रोग्राम चालवला. त्याच फायली, तोच प्रोग्राम, बदललं काहीच नव्हतं.

वाचल्या सदतीस. लिहिल्या सदतीस.

शैलाताईंनी खाली गेलेली ओढणी सावरली आणि अडतिसावी ओळ स्वतःच्या हातानं लिहिली. एकेक गोष्ट मला विचारून.

चंद्रकला वसतिगृहात राहिली. सुमन त्या साली एकटीच ट्रकमध्ये बसली.

शैलाताईंनी पुढं बीडच्या त्यांच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, संगणकाच्या मेमरीत आधीचं काही राहिलं असेल. असेलही, मला त्यातलं काय कळतं... पण राहायला ते आधी कुणीतरी आत घालावं लागतं ना? त्या दिवशी अकरा वाजता ते नाव त्या माडीवर एकाच ठिकाणी होतं — माझ्या बंद तोंडात.