दोन नंबरच्या कॅमेऱ्यातली नवरी

साताऱ्याच्या केबल चॅनेलवर मी कामाला होते तेव्हा रंग जुळवायला वेगळा माणूस बसायचा. तीन कॅमेरे तीन बाजूंनी एकाच माणसाकडे बघत असले तरी त्याचा चेहरा तिन्हींत सारखा दिसला पाहिजे, एवढंच त्याचं काम. आता चॅनेल बंद पडलंय आणि ते काम करणारं यंत्र एका बॅगेत मावतं. ते घेऊन मी लग्नं करते. स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे, फोनवर लाइव्ह, शिवाय रेकॉर्डिंग. टीव्हीवाले आणि मंडपवाले असा फरक उरलेला नाही. सामान तेच, केबली त्याच. इथे जेवण बरं मिळतं.

हे लग्न सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडचं. नवरी खंडाळा तालुक्यातली, शिरवळच्या कंपनीत नोकरीला. तिचा धाकटा भाऊ फौजेत आणि त्याला सुट्टी मिळाली नव्हती, तो फोनवर लाइव्हच बघणार होता. नवरीने मला आदल्या आठवड्यात फोन करून सांगितलं होतं, "बाकी काही चुकलं तरी चालेल, पण हार घालताना मी त्याला नीट दिसले पाहिजे."

नवरी सावळी होती. मी रंग जुळवले आणि पडद्यावर ती जशी होती तशी आली. वऱ्हाडी नाश्ता करून बसतायत तोवर नवऱ्याची आत्या माझ्या टेबलाशी आली. मला काम तिनेच दिलं होतं.

"मुलगी लय काळी दिसतीय हो पडद्यावर."

"आहे तशीच दिसतेय, काकू."

"आहे तशी बघायला आरसा आहे की. तुम्हाला कशाला बोलावलंय?"

गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही. पण सगळा पडदा उजळला असता तर गोरा नवरा पिठात घोळल्यासारखा दिसला असता. म्हणून फक्त दोन नंबरचा कॅमेरा उजळला. तो नवरीच्या चेहऱ्यावर लावलेला होता. एक नंबर लांबून दोघांना एकत्र दाखवायचा, तीन नंबर नवऱ्याला.

नवरी जवळून गोरी झाली. पुढच्या क्षणी मी पडद्यावर लांबचा कॅमेरा घेतला आणि ती पुन्हा सावळी. परत जवळून, परत गोरी. पुढच्या रांगेतल्या एकीने मोठ्याने म्हटलं, "जवळनं सून, लांबनं धुणंवाली." आसपासच्या खुर्च्या हसल्या. स्टेजवर ऐकू गेलं असणार, कारण नवरीने पदर सारखा केला.

आत्या परत आली. "लांबचा बंद करा."

"मग दोघं एकत्र दिसायची नाहीत."

"नाही दिसली तर नाही."

"आणि हार घालताना?"

"आमचा पोरगा दाखवा. लग्न त्याचंच आहे."

तेवढ्यात नवरीचे वडील फोन हातात धरून आले. "आवं म्याडम, पोरगं इचारतंय, ताईला बरं न्हाई का? म्हणतंय, लय पांढरी पडलीया."

"हळद उतरली म्हणावं," आत्या म्हणाली.

वडील हसले. मुलीचे वडील होते, हसावंच लागलं. मग हळू आवाजात मला म्हणाले, "तवढं हार घालताना बघा." आत्या तिथेच उभी होती. मी मान हलवली, त्यात होही नव्हतं आणि नाहीही.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली गेला, अक्षता पडल्या. मी तीन नंबर घेतला. पडद्यावर नवऱ्याचा हसरा चेहरा, आणि कडेने हार धरलेले दोन सावळे हात आत आले. नवरीने त्याच्या खांद्यावरून त्याच्या बाजूच्या पडद्याकडे बघितलं. हात तिथेच थांबले.

"घाल बाळ," गुरुजी माइकवर म्हणाले.

ती एक पाऊल पुढे झाली, नवऱ्याच्या अगदी छातीशी गेली आणि मान वळवून सरळ तीन नंबरच्या कॅमेऱ्यात बघत राहिली. तिचा खरा रंग, घामाने ओघळलेलं कुंकू, सगळं दोन्ही पडद्यांवर मोठं झालं. मग तिने हार घातला.

"नवरीला लय घाई झालीया," पुरुषांच्या बाजूने कोणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल हसला. नवराही हसला.

"हलवा, हलवा ते," आत्या म्हणाली. पण दोन नंबरमध्ये आता रिकामी जागा होती. लांबच्यात ती सावळीच होती. हलवायला कुठे जागाच नव्हती. वडील फोन कानाला लावून खांबाआड गेले होते. "दिसली न्हवं? दिसली न्हवं रं?" एवढंच मला ऐकू आलं.

जेवणाच्या पंगतीआधी आत्याने लाइव्ह काढून टाकायला लावलं. फिल्ममधलाही तो तुकडा कापायला सांगितला, मी कापला. दिलेल्या फिल्ममध्ये नवऱ्याच्या गळ्यात हार येतो आणि घालणारी दिसत नाही.

महिन्याभराने नवरीचा फोन आला. तो तुकडा माझ्याकडे शिल्लक आहे का, भावाला परत बघायचा आहे. शिल्लक होता. पण काम ज्यांनी दिलं त्यांना विचारल्याशिवाय मी रेकॉर्डिंग देत नाही. आज एकाला दिलं की उद्या सगळे मागतात. तिला म्हटलं, तुमच्या आत्येसासूबाईंना एक मेसेज करू दे, लगेच पाठवते.

"त्यांना कसं विचारू?" ती म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारली, आणि तिने फोन ठेवला.

मेसेज अजून आलेला नाही.