कार्डावरचा दुसरा पत्ता

मी निवृत्त तंत्रज्ञ आहे, वय एकाहत्तर, राहणार वरसे, रोहा. अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. जे मोजता येत नाही त्याची चर्चा मी करत नसे. तरीही हे लिहितो आहे.

पेणजवळच्या खारजमिनीतील शेतकऱ्यांच्या संस्थेचे संगणक मी सांभाळतो. खाडीच्या बांधावरील यंत्र पाण्याची पातळी कार्यालयातील संगणकाला कळवते. पातळी वाढली की कार्यालयात घंटा वाजते.

ही व्यवस्था माझा सहकारी तंत्रज्ञ लतीफ याने बसवली. त्याने संगणकाच्या एकाच नेटवर्क कार्डाला दोन आयपी पत्ते दिले होते... एक कार्यालयाचा, दुसरा केवळ खाडीच्या यंत्रासाठी; यंत्राचा निरोप त्याच पत्त्यावर येई. माझ्या नोंदवहीत पत्त्याचा रकाना एकच होता.

"साहेब, दुसरा रकाना पाडा. मी उद्या नसलो तर?"

"एक यंत्र, एक पत्ता. वही बिघडवायची नाही."

"वही तुमची, पत्ते माझ्या डोक्यात," म्हणून तो हसला.

गेल्या वर्षी लतीफ आजारपणात वारला. त्यानंतर जुना संगणक जळाला. नवा मी एका सकाळी स्वतः जोडला आणि वहीतला एकमेव पत्ता त्याला दिला. दुसऱ्याचा मला पूर्ण विसर पडला होता.

त्याच दुपारी संस्थेतला शेतकरी जनू म्हात्रे बांधाखालच्या मोरीत, म्हणजे पाणी जाण्याच्या बोगद्यात, उतरून झडप दुरुस्त करत होता. मोरीतून खाडी दिसत नाही. घंटेच्या भरवशावरच माणसे आत उतरतात. त्याची बायको हिरा बांधाच्या अलीकडे फोन घेऊन बसली होती.

सव्वाबाराला घंटा वाजली. मी फोन लावला.

"हिरा, जनूला वर काढ."

"भरतीला टायम हाय, साहेब."

"आत्ता काढ."

"अवो, वर या बेगीन, साहेब तापलेत," ती ओरडली. थोड्या वेळाने म्हणाली, "आलं वर. चिखलाचा गणपती झालाय नुसता."

काही मिनिटांत झडप निखळली आणि मोरी भरली.

मग मला आठवले की दुसरा पत्ता द्यायचा राहिला होता. तो नसताना घंटा वाजणे शक्यच नव्हते. मी कार्डाची सेटिंग उघडली. माझ्या पत्त्याखाली दुसरा पत्ता होता — सोबतच्या सबनेट मास्कच्या आकड्यांसह, अचूक. त्याचे आकडे मला कधी ठाऊकच नव्हते, मग टाकणार कसे? संगणक कोरा होता, इंटरनेट नव्हते, आणि सकाळपासून मी खुर्चीवरून उठलो नव्हतो.

रोह्यालगतच्या अष्टमी गावात जाऊन लतीफच्या पत्नीला हे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "काम अर्धं टाकून त्यांना जेवण जात नसे, साहेब."

पस्तीस वर्षांत मी पुष्कळ तंत्रज्ञ पाहिले. त्याच्या तोडीचा एकही नाही. हे मी त्याला कधी म्हणालो नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तो पत्ता पुसावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि तो परत येतो का पाहावे — तंत्रज्ञ म्हणून एवढे तपासणे माझे कर्तव्य होते. मी ते केलेले नाही. त्या मोरीत माणसे उतरतात.