पागोट्याचं शीड

नकार देण्यात इतका तरबेज आणि तो पाळण्यात इतका कच्चा माणूस, आमच्या चिंचवडच्या घरमालकांसारखा, अख्ख्या मावळात दुसरा झाला नसेल. गाव त्यांना आबा म्हणायचं. बायको केव्हाच गेलेली, मुली सासरी, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'न्हाई'नं. "आबा, पाऊस येणार वाटतं," म्हटलं तरी "न्हाई," म्हणायचे आणि पुढच्या क्षणी अंगणातलं वाळवण उचलायला धावायचे. शेजारी पेरणीला पाभर मागायला आला की "न्हाई जमायचं" असं ठणकावून सांगायचे आणि सांगता सांगता ती त्याच्या खांद्यावर चढवायला हात लावायचे. गावाला याची सवय होती. परक्याची मात्र पंचाईत व्हायची, आणि आम्ही तर थेट समुद्राकाठचे.

पिंपरीत तेव्हा औषधांचा कारखाना नवा नवा सुरू झाला होता. अलिबागकडच्या कोळीवाड्यातून मी तिथं नोकरीला लागलो आणि लग्न झाल्यावर बायकोला घेऊन खोली शोधत आबांच्या दारात उभा राहिलो. "कोळी म्हंजी मासं खानार," गळ्यातली तुळशीची माळ चाचपत आबा म्हणाले. मी मान डोलावली. "न्हाई. आमी माळकरी. घरात वास चालायचा न्हाई." आम्ही वळलो, तोच मागून आवाज आला, "आता कुटं चाल्ला? पोरीचं तोंड सुकलंय. पानी तरी प्या." ते पाणी प्यायला म्हणून आम्ही आत गेलो, ते कित्येक वर्षं तिथंच राहिलो.

मासे न शिजवण्याचा शब्द आम्ही पाळला. पण बायकोनं माहेराहून आणलेला सुक्या जवळ्याचा डबा फडताळात होता. ती अधूनमधून तो काढायची, पुसायची आणि न उघडताच परत ठेवायची. हे आबांच्या कसं ध्यानात आलं कोण जाणे. एकदा दारात येऊन, आढ्याकडे बघत ते म्हणाले, "न्हाई म्हंजी न्हाईच. पन दुपारचा मी मळ्यात आसतो. तितनं मला हितलं काय कळत न्हाई." त्या दिवसापासून मळ्यात निघताना ते वेशीवर ऐकू जाईल असं ओरडायचे, "मी निघालो बरं का!" आणि परतताना आळीच्या तोंडापासूनच खोकायला लागायचे. इतका दणदणीत खोकला मी क्षयाच्या इस्पितळातही ऐकलेला नाही.

मग आली नारळी पौर्णिमा. आमच्याकडे हा वर्षाचा सण. पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या रंगवायच्या, सजवायच्या, वाजतगाजत किनाऱ्यावर जाऊन दर्याला सोनेरी कागदानं मढवलेला, सोन्याचा म्हणायचा तो नारळ द्यायचा आणि मगच होड्या पाण्यात लोटायच्या. बायकोचे वडील दर्यातच गेलेले. तेव्हापासून दर वर्षी भावाच्या नावाचा नारळ ती स्वतःच्या हातानं सोडायची, आणि त्या साली भाऊ पहिल्यांदा स्वतःची होडी घेऊन निघणार होता. कारखान्यानं रजा नाकारली. मला सोडून एकटी जायला ती तयार होईना, अन् राहिली तर घास गिळेना. "दर्याला नारल नाय दिला तं भावाची होरी कशी सोरायची?" एवढंच म्हणायची.

आबांनी हे ऐकलं आणि भडकले. "आमच्या गावात ऱ्हाऊन कुनाचा सन बुडतो म्हंजी काय? नदी हाय की आमची!"

"आबा, ही पवना पूर्वेच्या समुद्राला जाते. आमचा समुद्र पश्चिमेला," मी म्हणालो.

"न्हाई," आबा म्हणाले. "समुद्र दोन आसले तरी खालनं एकच आसनार. नारळ कसा पोचवायचा त्ये त्येंचं त्येंनी बघावं."

यावर बायको कितीतरी दिवसांनी खुदकन हसली, आणि माझा भूगोल तिथंच संपला.

पौर्णिमेला कामावरून आलो, तर दारात आबांची बैलगाडी उभी. बाजूंना केळीचे खांब, पुढं ताडपत्री बांधून काढलेलं नाक. "हुडीला आनखी काय आसतं?" त्यांनी दरडावून विचारलं. "शीड," मी म्हणालो. आबांनी इकडं तिकडं पाहिलं आणि डोक्यावरचं पागोटं सोडून ते काठीला ताणून बांधलं. जावयासमोरही ज्यांनी कधी डोकं उघडं केलं नव्हतं, ते आबा टक्कल उन्हात चमकवत सगळ्या गावातून बैलांपुढं चालले. मागं भजनी मंडळ. बायकोनं लाजत लाजत कोळ्यांचं गाणं धरलं, तर मंडळींनी त्याला टाळ-मृदंगाची अशी साथ दिली की ऐकणाऱ्याला देवाचंच वाटावं. पवना दुथडी भरून वाहत होती. बायकोनं नारळ सोडला, तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला आणि त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पुढच्या वर्षी रजा मिळाली. "आबा, चला आमच्या गावाला," म्हटलं. ते "न्हाई" म्हणाले आणि आमच्या आधी एसटीत जाऊन बसले. किनाऱ्यावर पताका लावलेल्या होड्या, नवी लुगडी नेसून नाचणाऱ्या बाया, गुलाल; आबा कशाकडेच बघेनात. पाण्याकडे तोंड करून नुसते उभे. मेव्हण्यानं मानाचा नारळ त्यांच्या हातात दिला. आबा धोतरासकट गुडघाभर पाण्यात शिरले, नारळ सोडला आणि बांधाशेजारच्या शेतकऱ्याशी बोलावं तसं समुद्राला म्हणाले, "आमच्या पोरीचा भाऊ हाय ह्यो. जरा बघत जा."

बायको माझ्या शेजारी होती. तिनं पदर तोंडावर घेतला.

आबांना जाऊन आता खूप वर्षं झाली. मेव्हणा म्हातारा झाला, होडी त्यानं मुलाच्या हाती दिली; दर्यानं त्याचं कधी वाईट केलं नाही. नारळी पुनवेला बायको नारळीभाताचं पहिलं ताट आबांच्या नावानं वाढते.