न चावलेलं फुरसं

बायकोलासुद्धा ठाऊक नाही हे. तुम्हाला सांगतोय.

मी रत्नागिरीत एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असतो. चिठ्ठी बघून गोळ्या काढून देणारा माणूस, एवढंच. पण आळीत मला अर्धा डॉक्टर म्हणतात, आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू — फार आवडतं.

शेजारच्या सुमतीकाकू एकट्या राहतात, मुलगा बोटीवर. सोबतीला होता मन्या, त्यांचा बोका. गेल्या वर्षी एका सकाळी तो मलूल पडला, बांगड्याचं डोकंही हुंगेना. काकूंनी मला हाक मारली. मी कान चाचपले — गरम. काकू आत चहा टाकत होत्या, तेवढ्यात तापाची अर्धी गोळी पाण्यात कालवून मी त्याच्या तोंडात घातली. माणसांची गोळी. मांजराला अर्ध्या गोळीनं काय होतंय? उठून खेळायला लागला की सांगू ऐटीत, असं मनात होतं.

दुपारी काकू ओरडल्या, तसा मी धावत गेलो. मन्याचं तोंड सुजलेलं, पंजेही. लाळ गळत होती, तोंड उघडं टाकून धापा टाकत होता. हिरड्या — गुलाबी असतात ना? त्या चॉकलेटी झाल्या होत्या. रिक्षात मी एकच घोकत होतो — गोळीनं नसेल, गोळीनं नसेल.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्या बघून सरळ विचारलं, "तापाची गोळी दिलीत का? दिली असेल तर सांगा, त्यावर औषध आहे. अजून वेळ गेलेली नाही."

काकू माझ्याकडे बघत होत्या. संशयानं नव्हे, आधारासाठी.

"नाही," मी म्हणालो. वर हेही — "यांच्या परसाभोवतीच्या दगडी गडग्यात फुरसं असतं. तेच चावलं असणार."

बाईंनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग सापाचे उपचार सुरू झाले. संध्याकाळी मन्या गेला.

भीती वाटत होती? हो. पण कशाची — तो मरेल याची, की मी उघडा पडेन याची? मी उघडा पडेन, याचीच.

काकूंना आता परसात जायची धास्ती वाटते. आजही मी त्यांच्याकडे गेलो की गडग्यापाशी मला अडवतात. "उभा राहा रे दिनू, आधी मी बघते हां," म्हणतात, आणि काठी आपटत माझ्या पुढे चालू लागतात.

मी उभा राहतो.