शालूकाकूचा थांबणारा डबा

आमच्या ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, काकूंच्या डब्याचं नवीन काय?" मी एक किस्सा सांगायला जाते, तर त्याला धरून चार निघतात. लोणच्याच्या बरणीतून एक फोड काढायला जावं आणि मसाल्यासकट पाच याव्यात, तसं! आता तर आमचा चहावालाही कप भरताना कान देऊन उभा असतो. म्हटलं, एकदाचं सगळं सांगूनच टाकावं.

डबा म्हणजे टीव्ही रेकॉर्ड करणारा सेट-टॉप बॉक्स. आणि काकू म्हणजे माझ्या दोन काकू, सख्ख्या जावा. मोठी काकू एक्क्याऐंशीची. काचबिंदूनं तिची नजर गेल्या वर्षी पूर्ण गेली. शालूकाकू तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, इंद्रपुरीच्या घरात आता या दोघीच. आई नोकरीवर जायची तेव्हा मला यांनीच वाढवलं. एक वेणी घालायची, दुसरी ती "वाकडी झाली" म्हणून सोडायची. तरी मी रोज शाळेत वेळेवर पोचले, हे त्या दोघींचे उपकार!

*

नजर गेली तरी मोठ्या काकूची संध्याकाळची सीरियल चुकत नव्हती. शालूकाकू शेजारी बसून चित्र सांगायची. पण टीव्ही काही कुणासाठी थांबतो का?

"दार उघडलं... हातात बॅग आहे... अगं बाई, हा तर तोच!"

"तोच म्हणजे कोण?"

"थांबा ना वहिनी, तो काहीतरी बोलला!"

"काय बोलला?"

"तुम्हीच मधे बोललात, मला काय ऐकू येणार!"

रोज हेच. एकीला चित्र मिळेना, दुसरीला संवाद. शेवटी एक दिवस मोठी काकू म्हणाली, "शालू, बंद कर. मला आता रस नाही." आणि संध्याकाळी सहा वाजताच भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली. जेवणसुद्धा आत मागवायची.

शालूकाकूनं मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज बारीक झालेला ऐकला. "बेटा, वहिनी भिंतीशी बोलायला लागल्या की गेल्याच बघ. मला थांबणारा टीव्ही पाहिजे."

*

मी तिला एमपी नगरातल्या एका चकाचक दुकानात घेऊन गेले. सेल्समन सुरूच झाला. "माताजी, पाँच सौ घंटे की रिकॉर्डिंग!"

"बेटा, पाँच सौ घंटे का मेरा ही भरोसा नहीं. ये रुकता है क्या?"

त्याला वाटलं, बिघडण्याबद्दल विचारते आहे. छाती फुगवून म्हणाला, "माताजी, हमारी मशीन जिंदगी में कभी नहीं रुकेगी! गॅरंटी!"

शालूकाकूनं पर्स उचलली. "चल गं. हा आपल्या कामाचा नाही."

मी रस्ताभर समजावत होते की त्याला नीट विचारू या. ऐकेल तर ना!

*

दुसरं दुकान अरेरा कॉलोनीत, माझ्या घराजवळ. मालक वयस्कर, चष्मेवाले. त्यांनी आधी विचारलं, "किसके लिए चाहिए?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही!

शालूकाकूनं सगळं सांगितलं. त्यांनी एक डबा जोडला, बातम्या लावल्या आणि बटण दाबलं. निवेदिका तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थांबली.

"अब बोलिए."

शालूकाकू स्टुलावर बसली आणि त्या बाईचं वर्णन करायला लागली. कानातले, भुवया, कोटाचं बटण, मागची इमारत, सगळं. तीन गिऱ्हाइकं तिथेच उभी राहून ऐकू लागली. त्यातली एक बाई म्हणाली, "आँटीजी, इतना तो मुझे दिखा ही नहीं था!"

मालकांनी पुन्हा बटण दाबलं. निवेदिकेनं अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. एक शब्द सांडला नाही! शालूकाकूनं त्यांना हात जोडले, आणि खरं सांगते, मीपण जोडले. त्या माणसानं महागातला डबा गळ्यात मारला नाही, वर चहा पाजला. अशी माणसं भेटली की दिवसभर कुणावर ओरडावंसं वाटत नाही. आणि माझ्यासारखीला हे म्हणजे फारच झालं!

*

डबा जोडायला आलेला टेक्निशियनही तसाच. मोठी काकू भिंतीकडे तोंड करून पडलेली. हा सरळ तिच्या खाटेशी गेला. "दादी, रिमोट कौन चलाएगा? आप चलाइए. ये बताने में बिज़ी रहेंगी."

मोठी काकू उठून बसली! त्यानं तिचं बोट धरून एकेक बटण दाखवलं. पण पॉजच्या शेजारीच पॉवरचं बटण. पहिल्या दहा मिनिटांत टीव्ही सहा वेळा बंद पडला. तो म्हणाला, पॉजवर काहीतरी चिकटवा, बोटाला कळेल असं.

शालूकाकूनं स्वयंपाकघरातून साबुदाणा आणून गोंदानं चिकटवला. दुसऱ्या दिवशी कामवालीनं रिमोट ओल्या फडक्यानं पुसला. मग काय, साबुदाणा फुगून वडा व्हायच्या बेतात! शेवटी एक मणी चिकटवला, तो टिकला.

*

त्यानंतर त्या घरात वीस मिनिटांचा एपिसोड दोन तास चालायला लागला. मोठी काकू उलटतपासणी घ्यायची. "थांबवा म्हणालीस, थांबवलं. आता सांग. पडदे कुठल्या रंगाचे? सासू कुणाकडे बघतेय?" शालूकाकू दमून जायची. एकदा तर मोठ्या काकूनं पॉज दाबून रिमोट उशीखाली ठेवला. "आधी दुपारी मला जे बोललीस त्याची माफी माग. मग पुढे जाऊ." मागितली बाई! दुसरा इलाज काय होता?

पण जेवणं बाहेर व्हायला लागली. माझ्या जिवाला जे बरं वाटलं, ते कसं सांगू!

*

चार-पाच महिन्यांनी मी गेले तेव्हा एपिसोड चालू होता. शालूकाकू सांगत होती, "हिनं निळी साडी नेसलीय, हातात ताट आहे."

पडद्यावर पिवळा पंजाबी ड्रेस, आणि हातात मोबाइल. म्हटलं, गंमत करते आहे वाटतं.

ती चहा करायला आत गेली तशी मोठ्या काकूनं माझं मनगट धरलं. "डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. माझ्यासाठी नाही, शालूसाठी."

"का गं? काय झालं?"

"आधी ती एका सीनला तीनदा 'थांबवा' म्हणायची. आता पंधरा दिवस झाले, एकदाही थांबवायला सांगत नाही. धाडधाड सांगत सुटते. बघायला वेळ लागतो गं, रचायला नाही."

आत जाऊन पाहिलं तर शालूकाकू कपाच्या शेजारी चहा ओतत होती.

"कधीपासून?" मी ओरडलेच.

"हळू बोल!" तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "मलापण दिसत नाही म्हणून सांगू त्यांना? पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. जमतंय ना माझं? चालू दे."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की मी फार वाईट बोलते, ते इथे लिहीत नाही.

*

मोतीबिंदूच होता, नशीब! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांतला पिकलाय, पण नजर परत येईल. आधी उजव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी बांधून घरी आणलं. डावा तर धुक्यातच होता. "टीव्ही नको, मला झोपू दे," म्हणून शालूकाकू पडून राहिली. मी खिचडी लावायला आत गेले.

जरा वेळानं सीरियलचं गाणं ऐकू आलं. बाहेर येऊन दारातच थबकले. मोठी काकू शालूकाकूच्या उशाशी बसलेली, हातात रिमोट. खाटेवरून पट्टीवाली म्हणाली, "वहिनी, अचानक गप्प का झाले सगळे? थांबवा ना."

मोठ्या काकूनं पॉज दाबला. पडद्यावर एक बंद दार थांबलं होतं, बाकी काही नाही.

"पाच जण उभे आहेत," मोठी काकू सांगायला लागली. "सगळे तोंड पाडून. धाकटा रडतोय, पण दाखवत नाही. खिडकीत मांजर बसलंय."

"आणि ती सासू?"

"तिनं धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवलाय."

"त्या सासूनं? शक्यच नाही! नीट बघून सांगा हं, वहिनी."

"बघूनच सांगतेय! तू गप पड."